कट की कंडी? राजकीय गुपितं पारखायची कशी

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या अमळनेरच्या टपरीवर, भाऊबंदकीच्या ग्रुपवर, धुळ्याच्या एस.टी.त, सगळीकडे एकच विषय. धुळे ग्रामीणमधल्या अवधान गावात काँग्रेसचे कुणाल पाटील यांना म्हणे शून्य मतं पडली. एवढं मोठं गाव आणि एकही मत नाही! म्हणजे यंत्रातच काहीतरी केलंय. ज्याच्या-त्याच्या ओळखीत अवधानचा एक पाहुणा होता, आणि त्या पाहुण्यानं म्हणे स्वतः पंजाचं बटण दाबलं होतं.

गावाचं नाव, उमेदवाराचं नाव, वर आकडासुद्धा. इतकं नेमकं बोलणं खोटं कसं असेल, असं कोणालाही वाटेल. पण नेमकं बोलणं ही आपली सोय असते, कारण ते ताडून बघता येतं. निवडणूक यंत्रणेनं अवधानमधली कुणाल पाटलांची केंद्रवार मतं जाहीर केली: केंद्र २४७ वर २२७ मतं, २४८ वर २३४, २४९ वर २५२ आणि २५० वर ३४४. बेरीज १०५७.

टपरीवर हे वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, "आकडे देणारे तेच ना?" प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही होतं. ते पुढे सांगतो. पण उत्तर दिल्यावर तो म्हणाला, "मग एजंट फोडले असतील." त्यालाही उत्तर दिलं, तर म्हणाला, "मग वरपासून खालपर्यंत सगळेच सामील." तालुक्याचा वार्ताहर म्हणून बावीस वर्षं काढली. खरी लफडी पाहिली, खोट्या वावड्याही पाहिल्या. दोन्हींतला एक फरक मला पक्का कळलाय. प्रश्न विचारत गेलं की खरा आरोप लहान होत जातो: एक माणूस, एक ठराव, एक धनादेश. कंडी मात्र प्रत्येक प्रश्नागणिक फुगते, आणि शेवटी तिच्यात सगळी दुनिया सामील होते.

ज्यांचं नाव मतदार यादीत नुकतंच आलंय आणि ज्यांच्या फोनवर सकाळी उठायच्या आत पन्नास मेसेज येऊन पडतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आबा-नानांनी वाचलं तरी हरकत नाही.

पहिलं काम: दावा आपल्या शब्दांत एका ओळीत लिहा

वहीत लिहा, फोनवर नको. मेसेजमधली उद्गारचिन्हं, लाल ठिपके, 'मीडिया दाखवणार नाही', 'डिलीट व्हायच्या आत बघा' हे सगळं गाळून टाका. उरलेलं वाक्य तीन तुकड्यांत तोडा: काय झालं, कोणी केलं, कशासाठी केलं. पुष्कळदा इथंच कळतं की 'काय झालं' हा तुकडा रिकामा आहे आणि सगळा जोर 'कशासाठी'वर आहे.

हे तोडणं कसं असतं ते 'ध चा मा' वर करून बघा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला, गारद्यांनी केला. हे पक्कं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं, हेही पक्कं. म्हणजे कट होता. पण आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं, हा जो भाग आपल्याला शाळेपासून तोंडपाठ आहे, तो परंपरेनं आलेला. खून आणि निवाडा या दोन तुकड्यांना जो आधार आहे तो या तिसऱ्याला नाही, आणि लोकांच्या लक्षात नेमका तिसराच राहिलाय. आजच्या राजकीय कहाण्यांतही हेच होतं. एक तुकडा खरा असतो आणि त्याच्या खांद्यावर बसून दोन खोटे गावभर फिरतात.

दुसरं काम: हे खरं असेल तर कुठला कागद असायलाच हवा?

या कामाला वेळ द्या. सरकारी काम कागदाशिवाय हलत नाही. चोरीसुद्धा सहीशिवाय होत नाही.

मतदानाचंच घ्या. मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं, म्हणजे ज्याला सगळे मॉक पोल म्हणतात ते. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष १७ सी नावाचा नमुना भरतात. त्यात यंत्राचा क्रमांक आणि किती मतं पडली ते असतं, आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या एजंटाला मिळते. मतमोजणीच्या दिवशी त्याच नमुन्याचा दुसरा भाग भरला जातो. त्यात उमेदवारवार मतं येतात आणि टेबलाशी बसलेले मोजणी प्रतिनिधी त्यावर सह्या करतात. नंतर सगळ्या केंद्रांचा एकत्र तक्ता, फॉर्म २०, जाहीर होतो. टपरीवरच्या माणसाला मी हेच सांगितलं: आकडा एकट्या सरकारकडे नसतो, हरलेल्या उमेदवाराच्या माणसासमोरही तो लिहिला जातो. अवधानचा शून्य खरा असता तर तो त्या टेबलावरच दिसला असता आणि तिथंच ओरड झाली असती.

याचा अर्थ यंत्रांवर प्रश्नच विचारायचे नाहीत असा नाही. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला मत दिल्यावर यंत्राशेजारी छापल्या जाणाऱ्या सगळ्या चिठ्ठ्या (व्हीव्हीपॅट) मोजायची मागणी फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, पाच टक्के यंत्रांची तपासणी मागायची वाटही त्याच निकालात मोकळी केली. ज्याला खरोखर शंका आहे त्याच्यासाठी खिडकी आहे. तिथं अर्ज कोणी केला आणि फक्त भाषण कोणी केलं, हेही एक मोजमाप आहे.

आता उलट बाजू. जळगावचं घरकुल प्रकरण, म्हणजे गरिबांना घरं बांधून द्यायच्या पालिकेच्या योजनेतला घोटाळा, आमच्या पिढीनं अगदी कुजबुजीपासून ऐकलंय. सुरुवातीला तीही पारावरचीच गोष्ट होती: 'पालिकेत काहीतरी शिजतंय.' पण या गोष्टीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नानं ती लहान आणि टोकदार होत गेली. कुठली योजना, कुठला ठराव, ठेकेदाराला उचल किती आणि कोणाच्या सहीनं. २००६ साली खुद्द महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात दोन माजी मंत्री होते. शिक्षेविरुद्ध अपिलं उच्च न्यायालयात गेली. फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षं. या तेरा वर्षांत 'हे सगळं राजकीय सूडापोटी' हीदेखील एक कहाणी फिरत होतीच. कटाचा आरोप जसा प्रचार असू शकतो, तसा 'माझ्याविरुद्ध कट आहे' हा बचावही प्रचार असू शकतो. पारख दोघांची करायची, आणि एकाच तागडीत.

तुम्हाला कागद कुठून मिळणार? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीचे ठराव, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं, राजपत्रातल्या अधिसूचना, न्यायालयांचे निकाल, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल, यातलं बरंचसं फोनवरच वाचता येतं. कंटाळवाणं असतं, कबूल. मी स्वतः पहिल्यांदा कॅगचा अहवाल उघडला तेव्हा चौथ्या पानावर डुलकी लागली होती.

तिसरं काम: उघड धोरण आणि छुपा कट यांत गल्लत करू नका

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. बागायती कापूस यायला लागणार, आणि तेवढ्यात केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. पारोळा, चोपडा, धरणगाव, जिथं जाल तिथं एकच वाक्य: "भाव पाडायचा डाव शे."

शेतकऱ्याचा राग मला समजतो, माझ्याच घरी चार एकर कपाशी होती. पण वहीत तोडून लिहू. काय झालं? शुल्क माफ झालं, अधिसूचना आहे, तारीख आहे. कोणी केलं? केंद्रानं, उघडपणे. कोणी मागितलं? कापड उद्योगानं, तेही उघडपणे. अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्यावर त्यांची ओरड रोज छापून येत होती. कशासाठी? इथं मतं वेगळी असू शकतात. गिरणीवाल्याला आधार म्हणा किंवा शेतकऱ्याच्या पोटावर पाय म्हणा. यात लपवलेलं काही नाही. मग 'कट' हा शब्द वापरून आपण काय साधतो? उलट नुकसानच. निर्णय घेणाऱ्याला विचारायचे प्रश्न होते: मुदत नेमकी आमच्या हंगामात का, हमीभावानं खरेदी कधी सुरू करणार, किती केंद्रं उघडणार. त्याऐवजी आपण कोणा अदृश्य माणसावर दात खात बसतो. अदृश्य माणसाला निवेदन देता येत नाही.

माझ्या अंदाजानं गावात 'कट' म्हणून जे सांगितलं जातं त्यातला मोठा भाग हा असा असतो: उघड निर्णय, ज्यात आपलं ऐकलं गेलं नाही. तो अन्याय असू शकतो. त्याला अन्यायच म्हणा.

चौथं काम: तोंडं किती बंद ठेवावी लागतील ते मोजा

हे पटकन होतं. दावा खरा असेल तर किती माणसांना गप्प बसावं लागेल? घरकुलासारख्या गोष्टीत काही डझन, आणि तरी ते बाहेर आलंच. अमेरिकेत १९७२ साली वॉटरगेटची घरफोडी झाली, गुपित राखायला राष्ट्राध्यक्षाची सगळी ताकद होती, तरी १९७४ मध्ये निक्सनना पायउतार व्हावं लागलं. आणि ज्या दाव्यात राज्यभरातले शिक्षक, तलाठी, पोलीस, सगळ्या पक्षांचे एजंट असे लाखभर लोक सामील असून एकाच्याही बायकोला पत्ता नाही, तो दावा आपल्या गावात टिकेल का सांगा. इथं कोणाकडे भरताची पार्टी असली तर न बोलावलेल्यांनाही वांगी किती भाजली ते कळतं.

चित्रं, व्हिडिओ आणि आवाज

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच जणांना पोरं पळवणारी टोळी समजून जमावानं मारून टाकलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याआधी कित्येक दिवस फोनवर टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते. त्या वर्षी देशभर जी मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याची चित्रफीत पसरली, ती मुळात कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये ते मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापून टाकला होता.

मी त्या आठवड्यात तिकडे गेलो होतो. त्याविषयी जास्त लिहीत नाही. एवढंच, की व्हिडिओ पाहिला की आता माझा पहिला प्रश्न 'यात काय आहे' हा नसतो. 'याच्या आधी आणि नंतर काय होतं' हा असतो.

करायचं ते असं. व्हिडिओ थांबवा, स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र जुन्या तारखेनं, दुसऱ्या देशाच्या नावानं सापडतं का बघा. दुकानाच्या पाट्यांची भाषा, गाड्यांच्या नंबर प्लेट, पोलिसांचा गणवेश, अंगावरचे कपडे बघा. जूनमधल्या म्हणून सांगितलेल्या जळगावात लोक स्वेटर घालून उभे असतील तर काय समजायचं ते समजा. नेत्याच्या आवाजातली ऑडिओ क्लिप आली तर जास्तच सावध. हल्ली आवाज बनवायला नकलाकार लागत नाही. पूर्ण भाषण कुठं आहे, कोणत्या सभेतलं आहे, तिथं हजर असलेल्या वार्ताहरांनी काय लिहिलं, हे मिळालं नाही तर ती क्लिप पुढे ढकलू नका. व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा जास्त हात फिरून आलेला असतो. म्हणजे 'माझ्या मित्राच्या डोळ्यासमोर घडलं' असं त्यात लिहिलेलं असलं तरी तो मित्र तुमच्या मित्राचा नाही.

माझी चूकही सांगून टाकतो. मे २०१९ मध्ये, लोकसभेच्या मोजणीआधी, रात्री ट्रकमधून मतदान यंत्रं नेत असल्याचा व्हिडिओ मला आला. वार्ताहर असून मी तो अकरा ग्रुपवर टाकला, वर 'जागे व्हा' असंही लिहिलं. पाऊण तासानं एका उमेदवाराच्या एजंटाचा फोन. तो हसत होता. म्हणाला, "भाऊ, राखीव यंत्रं वेगळी असतात, ती वेगळी ठेवतात. मतं पडलेल्या यंत्राचा नंबर माझ्याकडच्या १७ सीवर आहे. ट्रकमधल्या पेटीचा नंबर वाचलात का?" वाचला नव्हता. दुरुस्ती सगळ्या अकरा ग्रुपवर टाकली. तिला उत्तर आलं तीन ठिकाणांहून, त्यातही एका ठिकाणी नुसता अंगठा.

पाचवं काम: पक्षांची नावं बदलून वाचा

मेसेजमधल्या पक्षाच्या जागी तुमचा आवडता पक्ष घाला आणि तोच मेसेज पुन्हा वाचा. आता किती पुरावा मागावासा वाटतो? तेवढाच पुरावा मूळ मेसेजकडेही मागा. यंत्रांचाच इतिहास बघा. २००९ च्या पराभवानंतर भाजपच्या नेत्यांनी मतदान यंत्रांवर शंका घेतली होती. पुढे काँग्रेस आणि इतर विरोधकांनी घेतली. यंत्रं तीच, खुर्च्या बदलल्या. शंका घेणं चूक नाही. पण शंका निकालाच्या दिवशीच जन्मते आणि जिंकलं की मरते, तेव्हा तिचं वय लिहून ठेवायला हवं.

तथ्य तपासणाऱ्यांबाबतही हाच नियम. बूम, ऑल्ट न्यूज यांच्यासारख्या संस्था आपण निष्कर्षाला कसे पोचलो ते दाखवतात. ते टप्पे स्वतः करून बघता येतात, म्हणून त्या उपयोगी. सरकारी पीआयबीची (पत्र सूचना कार्यालयाची) तपासणी बनावट योजना आणि खोटी पत्रकं ओळखायला चांगली. पण सरकारच्याच कारभाराबद्दल सरकारनंच खरं-खोटं ठरवायचं, हे वेगळं. तसा अधिकार देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच केला. कोणाचाही शिक्का बघून थांबू नका, शिक्क्याखालचा कागद बघा.

लोक म्हणतात, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. खान्देशात मे महिन्यात राहून बघा. लांबून धुरासारखं दिसतं, जवळ गेलं की नुसती धूळ असते. कधी कधी खरंच कोणाचं खळं पेटलेलं असतं. जाऊन बघावं लागतं.

'माहीत नाही' साठी एक पान

काही गोष्टी खऱ्या-खोट्यात बसत नाहीत. नेताजींच्या मृत्यूवर १९५६ ची शाहनवाज समिती आणि नंतरचा खोसला आयोग म्हणाले, १८ ऑगस्ट १९४५ चा विमान अपघात. मुखर्जी आयोग २००५ मध्ये म्हणाला, अपघातात मृत्यू झाला नाही. सरकारनं तो निष्कर्ष स्वीकारला नाही. लालबहादूर शास्त्रींचं ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये निधन झालं आणि शवविच्छेदन झालं नाही. इथं प्रश्न विचारणारा वेडा नव्हे. पण 'शवविच्छेदन झालं नाही' इथून 'अमुकानंच विष घातलं' इथवर एका उडीत पोचणारा माणूस तुमच्याकडे कागद मागत नाही, तुमचा राग मागतोय. अशा गोष्टी वहीच्या वेगळ्या पानावर लिहा आणि पान उघडं ठेवा.

घरात कसं बोलायचं

ग्रुपवर नानांना 'फेक आहे' असं सगळ्यांसमोर लिहिलंत तर नाना पुढचा मेसेज दुप्पट जोरानं टाकतील. मी आधी ते करून बघितलंय. आता एकट्यानं फोन करतो आणि अहिराणीत विचारतो, "नाना, कोनी सांगं तुमले?" आमच्याकडे या प्रश्नात भांडण नसतं, चौकशी असते. नाना नाव सांगतात, मग त्या नावाला फोन, मग पुढच्या. तिसऱ्या-चौथ्या फोनला बहुधा साखळी तुटते: "ग्रुपवर आलं व्हतं भो." ती तुटलेली नानांनी स्वतः ऐकलेली असली की मला काही म्हणावंच लागत नाही. एकदा मात्र साखळी तुटली नाही. आमच्याच भागातल्या एका रस्त्याचं बिल काम न होताच निघाल्याची गोष्ट होती, आणि तिसऱ्या फोनवर ते काम मोजलेला माणूसच भेटला. नाना अजून मला ते ऐकवतात.

त्या रस्त्याचं पान माझ्या वहीत वेगळं आहे. वर एक ओळ: काय झालं, कोणी केलं, कशासाठी. 'कशासाठी'ची जागा कोरी ठेवलीय. मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि अंतिम देयक मागणारा अर्ज टाकलाय, दहा रुपयांची पावती पानाला टाचलीय. परवा तिसावा दिवस.